लाल पट्टीचा हात

पोस्टरवरचा हात डावा होता. लॉन्ड्रीच्या काचेवर, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीशेजारी, ते पोस्टर कुणीतरी चिकटपट्टीनं लावलेलं होतं. एक पोरगा, त्याच्याकडे टोकाला चेंडू झेलायची जाळी असलेली लॅक्रॉसची काठी, काठीवर वरच्या बाजूला डावा हात, आणि खाली ठळक अक्षरांत, 'एका हाताचा खेळ शिका. मूळ लोकांचं गुपित. हॅलोरन उन्हाळी शिबिर.' डेल्मर हेनहॉक ओले टॉवेल वाळवायच्या यंत्रात टाकत होता. त्यानं खिशातून नाणं काढलं, यंत्राच्या फटीत सरकवलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की नाणं आपण उजव्या हातानं सरकवलं. आत शिरल्यापासून सगळं डाव्या हातानं चाललं होतं. मध्ये झालं इतकंच, की कोपऱ्यातल्या बाईनं मासिकातून डोकं वर काढून त्याच्याकडे पाहिलं. कुणी परकं माणूस बघायला लागलं की त्याचा उजवा हात पुढे यायचा. पुलांच्या पोलादावर काम करताना मुकादम खालून बघायला लागला की पाना उजव्या हातात जायचा. लग्नात पाद्र्यासमोर अंगठी घालायची वेळ आली तेव्हाही तसंच झालं होतं, आणि लोरेन मागाहून हसून म्हणाली होती, तुझ्या हातांचं आपापसांत पटत नाही वाटतं. तेव्हा तोही हसला होता. आता टॉवेल यंत्रात गरगर फिरत होते, आणि तो काचेसमोर उभा राहून पोस्टरवरचं ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होता. पोटात काहीतरी हळूहळू तापायला लागलं. खूप वर्षांनी चूल पेटावी, आणि लाकूड कोरडंच निघावं, तसं.

हॅलोरन. नावाबरोबर आधी वास आला. कापलेल्या गवताचा, आणि त्या लाल चिकटपट्टीचा, रबरासारखा. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि सरहद्दीवरच्या नदीपलीकडे, ग्रँड रिव्हरच्या काठी, गोऱ्यांच्या आधीपासून तिथं असलेल्या मूळ लोकांच्या वस्तीत, आपल्या माणसांत राहत होता. तिथं पोर चालायला लागायच्या आत त्याच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात. हिवाळ्यात रिंकवर बर्फ असतो, हॉकी चालते. बर्फ वितळला की खालची सिमेंटची फरशी उघडी पडते, आणि चारी बाजूंनी लाकडी भिंती असलेल्या त्या खोक्यात पोरं लॅक्रॉस खेळतात. जागा एवढीशी, की चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेईपर्यंत समोरचा अंगावर येतो. म्हणून ज्याचा जो हात, तो हात जन्मभर वर. डेल्मरचा डावा. त्याला हे ऑर्व्हिलमामानं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, मामा फळीला टेकून उभा राहायचा, सिगरेट ओढायचा आणि म्हणायचा, "भाच्या, हाताला बोलू दे. तू मध्ये मध्ये बोलू नकोस." बाप पोलादाच्या कामावर दूर असायचा, आणि तसंही आमच्यात आईच्या भावाचा शब्द वरचा, असं डेल्मर पुढे लोरेनला सांगायचा. लोरेन त्याच्याच लोकांतली. ती म्हणायची, मला काय सांगतोस, माझ्याही मामानंच मला तुझ्यापासून जपायला सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात मामाची छाती भरली होती. दोन पायऱ्या चढला की बसायचा. वडीलधाऱ्यांनी त्याच्यासाठी खेळ मांडायचं ठरवलं. माणूस आजारी पडला की त्याच्यासाठी खेळ मांडतात. लाकडी काठ्या घेऊन पोरं, म्हातारे सगळे उतरतात, कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही. अट एकच, खेळताना मनात कुणाविषयी वाकडं असता कामा नये. असलं तर काठी खाली ठेवायची आणि बाहेर येऊन बसायचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात डेल्मरला हॅलोरनच्या शिबिराचं आमंत्रण आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या तळ्याकाठच्या एका कॉलेजात शिबिर, शेवटच्या दिवशी मोठमोठ्या कॉलेजांचे कोच येणार, खेळ बघणार, आवडलं तर पोराचं शिक्षण फुकट. तो जाणार नाही म्हणाला. मामा ओसरीवरच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर मक्याच्या सूपाचा वाडगा. म्हणाला, "जा. माझ्यासाठी इथं पुष्कळ जण खेळतील. तू तिथं खेळ. चेंडूला कुठं कळतंय आपण कुठल्या मैदानावर आहोत ते." खोकला. मग म्हणाला, "आणि तिथलं जेवण बेकार असेल. तेवढं माझ्यासाठी सोस."

हॅलोरन तेव्हा तरुण होता, गळ्यात शिट्टी, मान लाल भाजलेली. पहिल्याच सकाळी त्यानं डेल्मरला चेंडू मारताना पाहिलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. "काय रे, अर्धाच आलास? दुसरा हात घरी विसरलास की काय?" पोरं हसली. मोठं मैदान, दोन्ही बाजूंना धावायचं, दोन्ही हातांनी खेळता आलंच पाहिजे, असं त्या काळी तिकडं पक्कं ठरलेलं होतं. हॅलोरननं त्याच्या उजव्या हातमोज्यावर लाल पट्टी गुंडाळली, दातांनी तोडली आणि म्हणाला, "आठवडाभर लाल हात वर." आणि आठवडाभर डेल्मरच्या कानात तेच राहिलं. लाल वर. धावताना लाल वर, पाणी पिऊन आला की लाल वर, जेवायच्या रांगेत ट्रे धरला तरी कुणीतरी पोरगं मागून ओरडायचं, लाल वर, आणि हशा पिकायचा. उजव्या तळहातावर नको त्या जागी फोड आले. डाव्या हाताचं काय करायचं कळेना. तो काठीच्या खालच्या टोकाला नुसता लोंबायचा, कुणाच्या तरी घरी न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

शेवटच्या सकाळी, घरी मामासाठी खेळ सुरू व्हायची वेळ झाली, हे त्याला ठाऊक होतं. तो हॅलोरनकडे गेला. म्हणाला, "आज मला डाव्या हातानं खेळू द्या." हॅलोरननं विचारलं, "का?" आता काय सांगायचं? ही गोष्ट परक्याला सांगायची नसते, त्यातून तोंडात शिट्टी असलेल्या परक्याला. तो म्हणाला, "असंच." हॅलोरन म्हणाला, "असंच माझ्याकडे चालत नाही, पोरा," आणि पट्टीवर आणखी एक वेढा दिला. बाजूच्या टेकाडावर कॉलेजांचे कोच घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. डेल्मर मामाचं नाव मनात घेऊन मैदानात उतरला आणि परक्या हातानं खेळला. चेंडू जाळीतून सुटला, पुन्हा सुटला, एकदा तर स्वतःच्याच गुडघ्यावर आदळला. थोड्या वेळानं टेकाडावरच्या एकानं उठून आपली खुर्ची उचलली आणि दुसऱ्या मैदानाकडे तोंड करून मांडली. मग दुसऱ्यानं. त्या खुर्च्या वळताना त्यांच्या पायांखाली गवत कसं दबलं होतं, ते अजून डेल्मरच्या डोळ्यांसमोर होतं. घरी आल्यावर मामानं त्याला काही विचारलं नाही. त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. फोड नव्हते. मामा अंगठा फिरवतच राहिला, मग हात सोडून दिला. मका काढायच्या दिवसांत तो गेला. कॉलेजचं पत्र कुठूनच आलं नाही. डेल्मर पोलादाच्या कामाला लागला, बफेलोत राहायला आला, शनिवार-रविवार नदी ओलांडून आपल्या माणसांत रिंकवर डाव्या हातानं खेळत राहिला, खांदा जाईपर्यंत.

मधल्या काळात वारं फिरलं. नदीपलीकडची एकहाती पोरं अमेरिकन मैदानांवर गोलावर गोल करायला लागली, आणि ज्यांनी तो हात सोडायला लावला होता तेच आता तो हात विकायला बसले. मूळ लोकांचं गुपित. टॉवेल वाळले होते, गरम होते. डेल्मरनं ते घडी न करताच पिशवीत कोंबले, पोस्टरचा खालचा फोन नंबर तळहातावर लिहून घेतला. डाव्या तळहातावर, उजव्या हातानं.

"तू कॅम्पला जाणार? शिकवायला?" लोरेन भांडी विसळत होती. "तुला घरच्या कुत्र्याला बस म्हणायला जमत नाही."

"ते लगेच हो म्हणाले. ग्रँड रिव्हरचा आहे म्हटलं, डावखुरा आहे म्हटलं, फोनवरच्या बाईला एवढा आनंद झाला की मला वाटलं आता ही पिसं लावून या म्हणणार."

"म्हणाली?"

"नाही. पण थांबली जराशी."

लोरेन हसली, मग हसायची थांबली. हात पुसत त्याच्यासमोर बसली. "तो तुला ओळखणार नाही, डेल. अशी किती पोरं त्याच्या हाताखालून गेली असतील."

"नको ओळखू दे."

"मग काय करणार आहेस तू तिथं जाऊन?"

त्याला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की पोटात जे तापलं होतं त्याची ऊब त्याला आवडायला लागली होती. सकाळी उठला की तो आधी ती आहे की नाही ते चाचपायचा. लोरेन म्हणाली, "तसलं मन घेऊन काठी उचलू नकोस," आणि उठली. तिनं मामासाठी मांडलेल्या खेळाचीच अट ऐकवली म्हणून त्याला तिचाही राग आला.

हॅलोरन म्हातारा झाला होता. कानात यंत्र, टोपीखाली पांढरे केस, शिट्टी मात्र तीच असावी. त्यानं डेल्मरचा हात दोन्ही हातांनी दाबला, नवा माणूस भेटल्यासारखा, आणि पालकांसमोर उभं करून म्हणाला, "या लोकांना नजर असते. पोराकडे एकदा बघतात आणि सांगतात याचा हात कोणता. आम्ही पुस्तकं वाचून शिकलो, यांच्या रक्तात आहे." आया-बापांनी माना डोलावल्या. डेल्मर काहीच बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंही त्यांना नजरेचाच भाग वाटलं. मग हॅलोरननं एका पोराला खांद्याला धरून पुढे आणलं. "हा माझा नातू. एमेट. शेवटच्या दिवशी कोच येतील ते खरं म्हणजे याच्यासाठीच. याला मी तुझ्या हवाली करतो." पोरगा सडपातळ होता, कान थोडे बाहेर आलेले. डेल्मरनं त्याच्याकडे चेंडू फेकला. पोरानं तो न बघितल्यासारखा झेलला, काठी वळवली, भिंतीवर मारला, परत घेतला. डावा हात वर. इतका डावा, की डेल्मरच्या मानेवर काटा आला. पाणी उतारावर जातं, त्याला कुणी सांगत नाही, तसा तो हात जात होता. ऑर्व्हिलमामा असता तर सिगरेट खाली ठेवली असती. डेल्मरला ते सगळं एका क्षणात दिसलं, आणि त्याच क्षणी त्याला आपण कशासाठी आलो हेही कळलं. तो म्हणाला, "तुझा हात उजवा."

एमेटनं काठीकडे पाहिलं. "मी नेहमी डाव्यानं..."

"मला दिसतंय ना. उजवा."

पोरानं आजोबाकडे पाहिलं. आजोबा क्षणभर गोंधळला, मग पालक ऐकत आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "डेल्मर म्हणतो तर उजवा. बघितलंत? आम्हाला इतकी वर्षं कळलं नाही." डेल्मरनं खिशातून चिकटपट्टी काढली. लाल पट्टी त्यानं बफेलोतून येतानाच घेतली होती, कशासाठी ते स्वतःला न विचारता. पोराच्या उजव्या हातमोज्यावर ती गुंडाळली आणि दातांनी तोडली. रबराची ती चव जिभेवर आली. गोड लागली. खोटं कशाला बोलायचं, गोड लागली.

मग ते दिवस गेले. डेल्मर कधी ओरडला नाही, हसला नाही, नुसता म्हणायचा, "लाल वर," हळू, प्रेमानं म्हणावं तसं. बाकीच्या पोरांना तो मन लावून शिकवायचा; त्यांचे हात बसायला लागले, संध्याकाळी पोरं त्याच्याभोवती बसून रिंकवरच्या गोष्टी ऐकायची. एमेटचे चेंडू सुटायचे. एमेट गवतातून चेंडू उचलायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हो, कोच." तक्रार करील, रडेल, आजोबाकडे जाईल, याची डेल्मर वाट बघत होता, खरं तर त्याला तेच हवं होतं, कुणीतरी येऊन विचारायला हवं होतं, का. पण पोरगा फक्त जास्त वेळ थांबायचा. सगळे जेवायला गेले तरी तो भिंतीशी उजव्या हातानं चेंडू मारत राहायचा, थप, थप, सुटला, थप. त्या आवाजानं डेल्मरचे घास अडायचे, आणि घास अडतो म्हणून तो आणखी एक घास मुद्दाम घ्यायचा. हॅलोरनकडे बघायचा. हॅलोरन टेबलाच्या टोकाला बसून सॉसमध्ये पाव बुडवत कुणाला तरी सांगत असायचा, की थोडे दिवस कठीण जातील, पण हात उघडेल. त्याच्या चेहऱ्यावर कुठं भीती दिसते का हे डेल्मर शोधायचा. ती नसायची. भरवसा होता. ज्याच्यावर सूड उगवायचा त्यानंच असा भरवसा टाकावा, याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एक दिवस एमेटनं पाणी पिताना बाटली उजव्या हातानं उचलली. डेल्मरच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं ते लक्षात आलं नाही असं स्वतःला दाखवलं.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाच्या खोलीत हॅलोरन ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला. खिडकीतून टेकाड दिसत होतं, माणसं गाड्यांतून घडीच्या खुर्च्या काढत होती. "पुढच्या वर्षीही ये," हॅलोरन म्हणाला. "पोरं तुझ्यावर खूश आहेत."

"मी आधी आलेलो आहे. पंधरा वर्षांचा होतो. तुम्ही माझ्या उजव्या हाताला लाल पट्टी बांधली होती."

हॅलोरननं चावणं थांबवलं, त्याच्याकडे नीट बघितलं, आठवायचा खरोखर प्रयत्न केला. ते डेल्मरला दिसलं आणि तेच जास्त लागलं. "सगळ्यांनाच बांधायचो रे. त्या वेळी तेच बरोबर वाटायचं." त्यानं मान हलवली. "आता वाटतं वेडेपणा होता. तू डावखुरा? आणि मी तुला..." तो हसला, जुना मूर्खपणा आठवून माणूस हसतो तसा, मोकळेपणानं. "बघ, आणि तूच येऊन माझ्या नातवाचा हात शोधून दिलास. मला वाटत होतं पोरगा डावा आहे."

"तो डावाच आहे," डेल्मर म्हणाला. "मी तुमच्यावर सूड घेतोय."

खोलीत चमचे वाजत होते. हॅलोरन त्याच्याकडे बघत राहिला. डेल्मरच्या पोटात जे इतके दिवस तापत होतं ते आता बाहेर पडलं होतं, टेबलावर, सॉसच्या बाटलीशेजारी. आता म्हाताऱ्यानं ते उचलायचं होतं. हॅलोरनचे खांदे हलायला लागले. तो इतका हसला की कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. "तुम्हा लोकांचा विनोद," त्यानं डोळे पुसले, "तोंडावरची रेघ हलत नाही. मी दर वेळी फसतो." टेबलावरून हात लांबवून त्यानं डेल्मरच्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारली, ताट उचललं आणि हसत हसत दुसऱ्या टेबलाला ती गोष्ट सांगायला गेला.

डेल्मर बाहेर आला. ऊन डोळ्यांवर आलं. त्याला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. झालं होतं एवढंच, की रागाला आता बसायला जागा उरली नव्हती, आणि तो अंगभर हिंडत होता. एमेट मैदानाच्या कडेला एक गुडघा टेकून बुटाची नाडी बांधून हातमोजे चढवत होता. डेल्मर त्याच्यासमोर वाकून बसला, त्याचा उजवा हातमोजा हातात घेतला आणि लाल पट्टी सोडवायला लागला. ती घामानं चिकटून बसली होती. नखानं उचकटावी लागली. मग त्यानं हातमोजा उतरवला. खाली तळवा दिसला. फोड होते, नको त्या जागी, काही फुटलेले. डेल्मरचा अंगठा आपोआप त्यांच्यावरून फिरला, आणि मग त्याला तो अंगठा ओळखीचा वाटला. मामाचा.

"आज तुला हवा तो हात वर घे," तो म्हणाला.

एमेटनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "परीक्षा आहे का, कोच?"

"नाही. खरंच सांगतो. तुझा हात डावा आहे. मी चुकीचं सांगितलं होतं."

 पोराच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं. "आजोबा म्हणाले होते, शेवटच्या दिवशी तुम्ही मला असंच काहीतरी बोलून बघाल. घाबरतो की काय ते." आणि डेल्मर काही बोलायच्या आत शिट्टी झाली, तो हातमोजा चढवत पळत गेला.

टेकाडावर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. हॅलोरन मधल्या खुर्चीत, हात मांडीवर. एमेट मध्यावर येऊन उभा राहिला, काठी उचलली. क्षणभर, अगदी क्षणभर, डावा हात वर गेला. कुणी बघत नसताना जसा गेला असता तसा, सहज. मग त्यानं टेकाडाकडे पाहिलं, इतकी माणसं आपल्याकडे बघत आहेत हे त्याला दिसलं, आणि हात बदलला. उजवा वर आला. पहिला चेंडू जाळीतून सुटला. तो पळत जाऊन घेतला, दुसरा सुटला. टेकाडावरचा एक कोच उठला, त्यानं खुर्ची उचलली, दुसऱ्या मैदानाकडे तोंड करून मांडली. हॅलोरन टाळ्या वाजवत होता, "येईल, येईल," म्हणत. दुसरी खुर्ची वळली. डेल्मर मैदानाच्या रेषेवर धावत आला. त्याला ओरडायचं होतं, पण पंधरा वर्षांचा असताना जिथं आवाज अडला होता तिथंच तो अजून अडलेला होता. म्हणून त्यानं हात वर केला. डावा. बोटं पसरून, जितका उंच जाईल तितका, खांद्यातून कळ गेली तरी. इतकी परकी माणसं बघत असताना, त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा त्याचा डावा हात वर गेला होता. एमेटनं मैदानातून तो हात पाहिला. त्याचा चेहरा उजळला. शाबासकी मिळाल्यासारखी त्यानं मान हलवली, आणि काठीवरचा उजवा हात आणखी घट्ट आवळला.